गरोदरपणात वजन आधीच जास्त असेल, तर या चुका टाळा

वजन मुळातच जास्त असलेल्या बाईला दिवस गेले की दोन टोकांचे सल्ले सुरू होतात. कुणी म्हणतं, आता दोन जिवांचं खा. कुणी म्हणतं, अंगावर भरपूर आहे, तू कमी खाल्लंस तरी बाळाचं काही अडत नाही. या दोन्हींमधला कुठलाही सल्ला ऐकला तरी नुकसान आहे. वजन वाढायला हवंच, मात्र इतरांपेक्षा कमी आणि सावकाश.

आपला आकडा माहीत नसणं

सगळा हिशोब दिवस जाण्यापूर्वीच्या वजनावरून होतो. त्या वजनाचा बीएमआय (किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग) काढायचा, आजच्या वजनाचा नाही. अमेरिकेतल्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने 2009 मध्ये दिलेली मर्यादा आजही खूप ठिकाणी वापरली जाते. बीएमआय 25 ते 29.9 असेल तर संपूर्ण गरोदरपणात 7 ते 11.5 किलो, आणि 30 किंवा त्याहून जास्त असेल तर 5 ते 9 किलो. हे आकडे एकाच बाळासाठी आहेत, जुळी असतील तर मर्यादा बरीच वर जाते. पहिल्या तीन महिन्यांत अर्धा ते दोन किलो वाढ पुरते. त्यानंतर आठवड्याला साधारण पाव किलो. दर आठवड्याचा हा वेग ध्यानात ठेवणं एकूण बेरजेपेक्षा जास्त उपयोगी पडतं, कारण वाट चुकतेय हे त्यातून वेळेत कळतं.

वजन उतरवायला घेणं

ही चूक बायका बाळाच्या काळजीपोटीच करतात, म्हणून तिच्याबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं. वाढणारं सगळं वजन म्हणजे चरबी नव्हे. बाळ तीन-साडेतीन किलोचं, शिवाय वार, गर्भजल, मोठं झालेलं गर्भाशय, वाढलेलं रक्त आणि शरीरात साठणारं पाणी. एवढंच धरलं तरी बरेच किलो होतात. बाळाला रोज प्रथिनं, लोह, कॅल्शियम, आयोडीन लागतं आणि अंगावरच्या चरबीतून यातलं काहीच मिळत नाही. उपाशी राहिलं की शरीर चरबी जाळतं आणि रक्तात कीटोन (चरबी जळताना तयार होणारे आम्लयुक्त पदार्थ) वाढतात, तेही या काळात नको असतं. म्हणून उपास, फक्त द्रवपदार्थांवर राहणं, एखादा अन्नगट पूर्ण बंद करणं, यातलं काहीही स्वतःच्या मनाने सुरू करू नका. वजन कमी करण्याची औषधं, सेमाग्लुटाइडसारखी इंजेक्शनंसुद्धा, चालू असताना दिवस गेले असतील तर डॉक्टरांना लगेच सांगा. गरोदरपणात ती चालू ठेवत नाहीत.

सुरुवातीच्या मळमळीत एक-दोन किलो उतरले तर सहसा घाबरायचं कारण नसतं. पण पाणीही पोटात टिकत नसेल, लघवी गडद आणि कमी होत असेल, तर वजन आपोआप उतरतंय म्हणून बरं वाटून घेऊ नका, दवाखान्यात जा.

दोन जिवांचं खाणं

पहिल्या तीन महिन्यांत जादा उष्मांकाची जवळपास गरजच नसते. पुढे साधारण वजनाच्या बाईसाठीही दिवसाला 340 आणि शेवटच्या तिमाहीत 450 च्या आसपास जादा उष्मांक धरतात. वजन जास्त असेल तर त्याहून कमी पुरतात. म्हणजे एखादा चांगला नाश्ता, दुसरं जेवण नव्हे.

ताटातलं खाणं मोजकं असूनही वजन भराभर वाढत असेल तर आधी पेल्यात काय जातंय ते पाहा. फळांचा रस, सरबतं, शीतपेयं, गोड कॉफी यांनी पोट भरत नाही आणि साखर मात्र जाते. रसाऐवजी अख्खं फळ खा. संध्याकाळी अनावर भूक लागते त्याचं कारण बहुधा सकाळच्या जेवणात असतं. सकाळी डाळ, अंडं, दूध-दही, कडधान्य असं प्रथिनांचं काही नसेल तर दिवसाअखेरी शरीर ते वसूल करतं. मळमळ टाळायला दर दोन तासांनी काहीतरी तोंडात टाकायची सवय लागते. मळमळ थांबली तरी ती सवय तशीच राहते, तिच्याकडे लक्ष ठेवा.

काटा रोज बघणं, किंवा अजिबात न बघणं

आठवड्यातून एकदा, ठरलेल्या दिवशी, सकाळी लघवीला जाऊन आल्यावर वजन करा आणि तीन-चार आठवड्यांचा कल पाहा. एका आठवड्याच्या चढउताराला फारसा अर्थ नसतो. अपवाद एकच: काही दिवसांत अचानक किलोभर किंवा जास्त वाढ, सोबत चेहरा-हात सुजणं, न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे चमकणं किंवा बरगड्यांखाली दुखणं. हे वजन खाण्याचं नसतं, प्री-एक्लाम्प्सियामुळे (गरोदरपणात रक्तदाब धोकादायक वाढण्याचा आजार) साठलेलं पाणी असू शकतं. त्याच दिवशी तपासणी हवी.

सातव्या महिन्यातच मर्यादा गाठली, तर? खाणं तोडायचं नाही. शेवटच्या महिन्यांतच बाळ झपाट्याने भरतं. झालेली वाढ विसरा आणि पुढचा वेग पाव किलोवर आणायचा प्रयत्न करा.

हालचाल बंद करणं

डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर आठवड्याला 150 मिनिटं मध्यम व्यायाम चालतो. सवय नसेल तर रोज दहा मिनिटांच्या चालण्यापासून सुरू करा. चालताना बोलता यावं, इतपतच दम लागू द्या. रक्तस्राव, पाणी जाणं, छातीत दुखणं किंवा चक्कर आली तर तिथेच थांबून डॉक्टरांना गाठा. 2017 मध्ये 36 वैद्यकीय अभ्यासांमधल्या बारा हजारांहून जास्त गरोदर बायकांची माहिती एकत्र तपासली गेली. आहार आणि व्यायामामुळे वजनवाढ सरासरी 0.7 किलोने कमी झाली, सिझेरियनही थोडे घटले आणि बाळांना अपाय दिसला नाही. फरक लहान आहे, त्यामुळे फार थोडं साधलं म्हणून खचू नका.

बोलणी खावी लागतील म्हणून तपासणी चुकवणं

माझ्या मते सगळ्यांत महाग पडणारी चूक ही. वजन जास्त असताना मधुमेह आणि रक्तदाबाचा धोका वाढतो, म्हणून तपासण्या इतरांपेक्षा जास्तच लागतात. शुगर सुरुवातीला बघतात आणि 24 ते 28 आठवड्यांत पुन्हा. फोलिक अ‍ॅसिडचा डोस वाढवायचा का, बाराव्या आठवड्यानंतर कमी मात्रेचं अ‍ॅस्पिरिन घ्यायचं का, हे स्वतःहून विचारा, पण स्वतःच्या मनाने घेऊ नका. बी.पी.चा पट्टा दंडाला तोकडा पडत असेल तर मोठा पट्टा मागा, कारण लहान पट्ट्यावर बी.पी. खोटं जास्त दिसतं. सोनोग्राफीत चित्र अस्पष्ट आलं तर पुन्हा बोलावतात, त्यात तुमचा दोष नाही. काट्यावरचा आकडा बघायचा नसेल तर पाठ करून उभ्या राहा आणि तो फक्त नोंदवायला सांगा. एखाद्या ठिकाणी दर खेपेला अपमानच होत असेल, तर शक्य असल्यास डॉक्टर बदला, तपासण्या सोडू नका.