गाडी किंवा मशीन बरेच दिवस उभं राहणार असेल तर पेट्रोलमध्ये अ‍ॅडिटिव्ह कधी आणि कसं टाकायचं

आमची जुनी कार्बोरेटरवाली स्कूटर जूनपासून पार्किंगमध्ये उभी होती, गणपतीच्या आधी बाहेर काढली तर किक मारमारून दम निघाला पण सुरू व्हायचं नाव नाही. मेकॅनिकने कार्बोरेटर खोलला तेव्हा खालच्या वाटीत काकवीसारखा चिकट थर बसलेला, पितळी जेटवर (ज्याच्या बारीक भोकातून पेट्रोल इंजिनकडे जातं) हिरवट पूड, आणि जेट उजेडाकडे धरून बघितलं तर त्या केसाएवढ्या भोकातून काहीच दिसत नव्हतं. तेव्हा मी दुकानातून क्लीनरची बाटली आणून टाकीत ओतायच्या बेतात होतो, पण जेट पूर्ण बंद असेल तर औषध तिथपर्यंत पोचणार कसं? जेट खोलून साफच करावा लागला. म्हणून सगळ्यात आधी हे लक्षात घ्या की अ‍ॅडिटिव्ह, म्हणजे पेट्रोलमध्ये मिसळायचं औषध, पेट्रोल चांगलं असतानाच टाकायचं असतं.

आता पंपावर मिळतं ते पेट्रोल ई२० म्हणजे २० टक्क्यांपर्यंत इथेनॉलवालं, आणि इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं. पुण्याच्या पावसाळ्यात अर्धी टाकी रिकामी ठेवून गाडी उभी केली की त्या रिकाम्या जागेतल्या दमट हवेचं पाणी पेट्रोलमध्ये जातं, पाणी फार झालं की इथेनॉल आणि पाणी मिळून वेगळं होतं आणि तळाला जाऊन बसतं. शंका असेल तर थोडं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून स्थिर ठेवा (मोकळ्या हवेत, गॅस आणि देवघरातल्या समईपासून लांब), दोन थर दिसले तर ते पेट्रोल गेलं. 'पाणी घालवणारं' म्हणून जे विकतात त्यात बऱ्याचदा अल्कोहोलच असतं, आणि ते ई२० मध्ये आधीच भरपूर आहे, त्यामुळे त्यावर पैसे घालवू नका.

बाटली घेताना नीट वाचा कारण काउंटरवर सगळ्या सारख्याच दिसतात. गाडी उभी ठेवायची असेल तर स्टॅबिलायझर, तो पेट्रोल शिळं होऊन चिकट होण्याचा वेग कमी करतो. रोजच्या गाडीला, विशेषतः फ्युएल इंजेक्शनवाल्या (कार्बोरेटर नसलेल्या) बीएस६ म्हणजे नव्या प्रदूषण नियमांच्या गाडीला, इंजेक्टर क्लीनर, त्यात पीईए म्हणजे पॉलिइथर अमाइन असलेला मिळाला तर उत्तम. ऑक्टेन बूस्टर साध्या स्कूटरला लागत नाही, इथेनॉलमुळे ऑक्टेन आधीच वाढलेला असतो. डांबर गोळ्या आणि रॉकेलचे घरगुती उपाय तर अजिबात नको. डिझेल जनरेटरचं औषध वेगळं असतं, पेट्रोलचं त्यात टाकू नका.

आता टाकायचं कसं. आधी ताजं पेट्रोल भरायचं ठरवा, जुन्यावर टाकण्यात अर्थ नाही. डोस अंदाजाने नको, समजा बाटलीवर १० लिटरला ५० मिली लिहिलंय आणि तुम्ही ४ लिटर भरणार तर २० मिली झालं, मेडिकलमधून १० मिलीची सिरिंज आणा, सुई काढून टाका, दोनदा भरा की काम झालं. औषध आधी टाकीत टाका आणि मग त्यावर पेट्रोल भरा, ते आपोआप मिसळतं. टाकी जवळजवळ पूर्ण भरा म्हणजे आत हवा कमी राहील, पण गळ्यापर्यंत नको. आणि मग जे बहुतेक जण विसरतात ते करा, इंजिन दहा मिनिटं चालू ठेवा, कारण औषध टाकीत आहे पण कार्बोरेटरच्या वाटीत अजून जुनंच पेट्रोल आहे. हे बंद पार्किंगमध्ये करू नका, धूर साठतो. कार्बोरेटरवाली असेल तर शेवटी पेट्रोलचा कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा. इंजेक्शनवाली गाडी मात्र कोरडी चालवायची नाही, तिचा टाकीतला पंप पेट्रोलनेच गार राहतो.

क्लीनरचं थोडं वेगळं आहे. टाकी संपत आल्यावर टाका, भरून घ्या, आणि लक्ष्मी रोडच्या गर्दीत नाही तर खडकवासल्याच्या बाजूला मोकळ्या रस्त्यावर एक फेरी मारा, इंजिन तापलेलं राहिलं की मळ सुटतो. ऑईल बदलायच्या थोडं आधी केलेलं बरं, कारण क्लीनरचा थोडा अंश ऑईलमध्ये उतरू शकतो. जास्त टाकलं म्हणजे जास्त साफ होतं असं नाही आणि गाडीच्या पुस्तकात मनाई लिहिली असेल तर विषय संपला, वॉरंटीचा प्रश्न येतो.

भोर-मुळशीकडे ज्यांचं शेत आहे त्यांच्या गवत कापायच्या टू-स्ट्रोक मशीनबद्दल, तिथे अ‍ॅडिटिव्हच्या आधी टूटी (2T) म्हणजे पेट्रोलमध्येच मिसळायच्या ऑईलचं प्रमाण सांभाळा. १:५० म्हणजे लिटरला २० मिली, १:२५ म्हणजे ४०, आणि मशीनच्या पुस्तकात असेल तेच. स्टॅबिलायझर टाकला तरी ऑईल टाकावंच लागतं. काम संपल्यावर मशीन तसंच भिंतीला टेकवून ठेवतात आणि पुढच्या वर्षी दोरी ओढत बसतात, त्यापेक्षा टाकी रिकामी करून ते बंद पडेपर्यंत चालवा आणि काढलेलं पेट्रोल पंधरा-वीस दिवसांत वापरून टाका. खराब झालेलं पेट्रोल गटारात किंवा नाल्यात ओतू नका, ते शेवटी नदीतच जातं, ओळखीच्या गॅरेजवाल्याला विचारा, पार्ट धुवायला कधीकधी घेतात. आणि उघडलेल्या बाटलीवर मार्करने तारीख लिहा, झाकण घट्ट लावा, मुलांच्या हाताला लागणार नाही अशा ठिकाणी ठेवा.