गर्भपिशवीचा कॅन्सर आणि वजन : घरच्यांनी काय बघायचं, काय करायचं

पाळी जाऊन सहा वर्षं झाल्यावर आईला लाल डाग दिसले, दोनच, आणि तिने दोन महिने कुणाला सांगितलंच नाही, उष्णता झाली असेल म्हणून सब्जा पीत बसली. म्हणून सगळ्यात आधी हे. पाळी जाऊन वर्ष झाल्यावर एक डाग जरी दिसला तरी सरळ गायनॅककडे जायचं, सोनोग्राफी करायची आणि सांगितली तर बायोप्सीपण, म्हणजे अस्तराचा छोटा तुकडा काढून तपासणं. आईच्या पिशवीच्या अस्तराचा कॅन्सर पहिल्या स्टेजला सापडला आणि ऑपरेशनवर भागलं.

वजनाचा यात काय संबंध ते आम्हाला खूप उशिरा कळलं. पाळी गेल्यावर अंडाशय इस्ट्रोजेन बनवायचं जवळपास थांबवतं, पण चरबी ते बनवतच राहते, आणि त्याला आवर घालणारं प्रोजेस्टेरॉन मात्र शरीरात उरलेलं नसतं, मग अस्तर नुसतं वाढत जातं. अमेरिकेत नऊ लाखांवर लोकांचा अभ्यास २००३ मध्ये छापून आला, त्यात बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा) ४० च्या वर असलेल्या बायकांमध्ये गर्भाशयाच्या कॅन्सरने मरण्याचं प्रमाण नॉर्मल वजनाच्या बायकांच्या सहापट निघालं. हे वाचून आईला दोष देत बसू नका हां, सडपातळ बायकांनाही हा होतो, आणि आजारी माणसाला "तू जाडी म्हणून झालं" असं सांगून काहीही बरं होत नाही.

आता बीएमआयचा हिशोब कसा करायचा. वजन किलोत घ्या, उंची मीटरमध्ये घेऊन तिचा वर्ग करा आणि भागा. आईची उंची १.५२, वर्ग २.३१, वजन ७४, म्हणजे बीएमआय ३२. आपल्या भारतीय लोकांसाठी २३ च्या वर जास्त वजन आणि २५ च्या वर लठ्ठपणा धरतात, बाहेरच्या चार्टमधला ३० चा आकडा बघून खूश होऊ नका. सोबत कंबर मोजा, बाईची ८० सेंटीमीटरच्या आत हवी.

पण हे सगळं पिशवीच्या अस्तराचं झालं. "कॅन्सर झालाय ना, मग वजन कमी कर" हे सरसकट कुणालाही सांगू नका, कारण गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर एचपीव्ही व्हायरसमुळे होतो, तिथे वजनाचा वाटा कमी, आणि उलट ज्या बायका आधीच खूप बारीक असतात, बीएमआय १८.५ च्या खाली, त्यांना ट्रीटमेंट जास्त जड गेलेली दिसते. अंडाशयाच्या कॅन्सरमध्ये तर किमो चालू असताना वजन उतरत गेलं तर ते चांगलं लक्षण नाही.

माझ्या पिंपळगावच्या मावशीचं तर हे काट्यावर दिसलंच नाही. काट्यावर वजन तेवढंच, ६१, सगळे म्हणाले बघ किती छान टिकलीये, आणि खरं म्हणजे पोटात पाणी भरत होतं नि हातापायाचं मांस झडत चाललं होतं. तिच्या बांगड्या कोपरापर्यंत वर जायला लागल्या तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. म्हणून नुसत्या काट्यावर विश्वास ठेवू नका, बांगड्या बघा, ब्लाउजच्या बाह्या बघा, गिरणीतून दळणाचा डबा आणताना दम लागतो का ते विचारा, हात न टेकता खुर्चीवरून उठता येतं का ते बघा.

ट्रीटमेंट चालू असताना काय करायचं? दर रविवारी सकाळी, संडासला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, त्याच काट्यावर वजन करून वहीत लिहायचं. सहा महिन्यांत न ठरवता ५ टक्के उतरलं, म्हणजे ६० किलोच्या बाईचं ३ किलो, तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट न बघता डॉक्टरांना फोन करायचा. किमोचा डोस बऱ्याचदा उंची-वजनावर ठरतो म्हणून वजन लाजून कमी सांगायचं नाही, आणि जाड बाईलाही तिच्या खऱ्या वजनाप्रमाणे पूर्ण डोस द्यावा असं अमेरिकेतल्या कॅन्सर डॉक्टरांच्या संघटनेने २०१२ पासून सांगितलंय. शेक, म्हणजे रेडिएशन, चालू असताना वजन खूप उतरलं तर अंगाचा आकार बदलतो आणि शेकाचं माप परत बघावं लागू शकतं.

खाण्यात मुख्य गोष्ट प्रोटीन. किलोमागे साधारण १ ते दीड ग्रॅम रोज, म्हणजे ६० किलोला ६० ते ९० ग्रॅम, पण किडनीचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. एका अंड्यात ६ ग्रॅमच्या आसपास, १०० ग्रॅम पनीरमध्ये १८, वाटीभर घट्ट वरणात ६-७, मग तुम्हीच बघा नुसत्या पेजेवर आणि नारळपाण्यावर काय होणार. आम्ही नागलीच्या भाकरीसोबत अंडं नाहीतर घट्ट वरण, संध्याकाळी दही, रात्री दूध असं बसवलं. पोटाच्या शेकाने जुलाब लागले की मऊ भात, मुगाचं वरण, दही-ताक पचत असेल तर ते, आणि मिसळ पूर्ण बंद, नाशिकच्या माणसाला कितीही जड गेलं तरी. उपवासाचं आईशी खूप भांडण झालं, चतुर्थी सोडायला ती तयार नव्हती, शेवटी साबुदाण्याऐवजी राजगिरा, दूध, दाण्याची आमटी यावर तडजोड झाली. आणि ते व्हॉट्सअ‍ॅपवरचं, साखर बंद केली की कॅन्सर उपाशी मरतो, ते खोटंय, त्याच्या नादाने पेशंटच उपाशी राहतो.

वजन उतरवायचं ते ट्रीटमेंट संपून डॉक्टरांनी हो म्हटल्यावर, आठवड्याला अर्धा किलोच्या आसपास, त्याहून घाई नाही. लवकर सापडलेल्या अस्तराच्या कॅन्सरमध्ये नंतरच्या काळात बायकांना हार्टचा धोका फार मोठा असतो, म्हणून बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल या तपासण्या कॅन्सरच्या फॉलोअपइतक्याच नेमाने करा. आई आधी गोल्फ क्लबच्या ट्रॅकवर एकच फेरी मारायची आणि बाकावर बसायची, हळूहळू आठवड्याला १५० मिनिटांवर आली. चालण्यासोबत आठवड्यातून दोनदा ताकदीचा व्यायाम पाहिजेच, नाहीतर चरबीसोबत मांसही जातं : खुर्चीवरून उठबस, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलणं, भिंतीला हात टेकून ढकलणं. ऑपरेशननंतर जड कधी उचलायचं ते मात्र सर्जनलाच विचारा. वजन कमी करायचं इंजेक्शन किंवा पावडर शेजारणीच्या सांगण्यावरून अजिबात नाही.

पायावर लक्ष ठेवा. ऑपरेशनमध्ये लसिकेच्या गाठी (लिम्फ नोड) काढल्या असतील तर पाय हळूहळू सुजू शकतो, वजन जास्त असेल तर जास्तच, ते डॉक्टरांना दाखवायचं. पण एकच पाय अचानक सुजला, दुखायला लागला किंवा एकदम धाप लागली तर रात्र असो की सण, लगेच दवाखान्यात, ती रक्ताची गुठळी असू शकते.

वहीत तीन रकाने पुरतात : वजन, कंबर आणि हात न टेकता अर्ध्या मिनिटात खुर्चीवरून किती वेळा उठली. आईच्या पहिल्या पानावर ७४, १०१ आणि ४ असं आहे. या रविवारी ६८.४, ९४ आणि १२ लिहिलं, आणि बाराचा आकडा तिने स्वतः माझ्या हातातून पेन घेऊन लिहिला.