लॅपटॉपवर चालतं, सर्व्हरवर ४०४: टॉमकॅटवर पहिलं ॲप टाकताना

इंजिनिअरिंग झाल्यावर मी नागपूरलाच आयटी पार्कजवळ एका छोट्या कंपनीत ट्रेनी लागलो, आणि पहिलंच काम मिळालं ते हजेरीचं जावा ॲप ऑफिसातल्या लोकल सर्व्हरवर टाकायचं. लॅपटॉपवर एक्लिप्समधून, म्हणजे कोड लिहायच्या सॉफ्टवेअरमधून, सगळं मस्त चालत होतं. वॉर फाईल, म्हणजे अख्ख्या ॲपचं एकच पॅकेट, बनवली, सर्व्हरवर टॉमकॅटच्या (जावा वेब ॲप चालवणारं सॉफ्टवेअर) वेबॲप्स फोल्डरमध्ये टाकली, ८०८० पोर्टवर उघडलं तर लॉगिनचं पान आलं पण. पासवर्ड टाकून बटण दाबलं की ४०४, म्हणजे पान सापडत नाही.

दोन दिवस यातच गेले. मे महिना, कूलरसमोर बसून मी यूआरएल बदलतोय, स्पेलिंग तपासतोय, वॉर काढून परत टाकतोय, आणि लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या नोंदींच्या फाईलमध्ये, एकही एरर नाही म्हणून डोकं अजूनच तापलेलं. तिसऱ्या दिवशी शेजारच्या टेबलवरचे दादा म्हणाले, "काय करून राहिला बे कालपासून? नुसत्या एरर काऊन शोधतो, लॉग वरून वाच ना."

कॅटलिनाच्या लॉगमध्ये, म्हणजे टॉमकॅटच्या मुख्य लॉगमध्ये, अगदी सुरुवातीलाच टॉमकॅट स्वतःचं आणि जावाचं व्हर्जन छापतो. तिथे १०.१ होतं. माझ्या लॅपटॉपवर ९.

आता हे नीट समजून घ्या, नवीन पोरं इथेच अडकतात. जावा ईई, म्हणजे जावात वेब ॲप बनवायचा ठरलेला साचा, ऑरॅकलकडून एक्लिप्स फाउंडेशनकडे गेलं आणि त्याचं नाव जकार्ता ईई झालं, पण कोडमधल्या पॅकेजच्या जावाएक्स या नावाखाली पुढे बदल करायची मुभा मिळाली नाही, म्हणून जकार्ता ईई ९ पासून पॅकेजचं नावच जकार्ता झालं आणि टॉमकॅट १० फक्त तेच ओळखतो. माझ्या सर्वलेटवर, म्हणजे लॉगिनची विनंती हाताळणाऱ्या जावा क्लासवर, जुनं जावाएक्सवालं ॲनोटेशन (त्याचा पत्ता सांगणारी कोडमधली खूण) होतं, टॉमकॅटने तिकडे पाहिलंच नाही, सर्वलेट रजिस्टरच झालं नाही, म्हणून लॉगिनच्या पानासारखी साधी जेएसपी उघडते आणि पुढे ४०४. तेच सर्वलेट वेब डॉट एक्सएमएल या ॲपच्या सेटिंगच्या फाईलमध्ये लिहिलेलं असतं तर क्लास सापडत नाही अशी एरर तरी दिसली असती.

उपाय तीन आहेत. सर्व्हरवर टॉमकॅट ९ टाका, किंवा कोडमधले इम्पोर्ट आणि डिपेन्डन्सी (ॲपला लागणाऱ्या बाहेरच्या लायब्ररी) जकार्ताच्या करा, किंवा वॉर वेबॲप्सऐवजी 'वेबॲप्स-जावाईई' नावाच्या फोल्डरमध्ये टाका, फोल्डर नसेल तर बनवा, टॉमकॅट १० स्वतःच रूपांतर करून घेतो. मी इम्पोर्ट बदलले, नवीन ॲप असेल तर तेच करा.

जावाचंही व्हर्जन तेव्हाच बघून घ्या, १७ वर कंपाइल केलेलं ११ वर चालत नाही, एररमध्ये ६१ आणि ५५ असे आकडे दिसतात ते तेच, ६१ म्हणजे १७ आणि ५५ म्हणजे ११. वॉर बदलताना टॉमकॅट बंद करून त्याच नावाचं उघडलेलं जुनं फोल्डरही उडवा.

एवढं करूनही अकाउंट्सच्या ताईंच्या कॉम्प्युटरवर ॲप उघडेना, कारण त्यांनी लोकलहोस्ट टाकलं होतं, म्हणजे त्यांचंच मशीन. सर्व्हरचा आयपी दिला, सर्व्हरच्या विंडोज फायरवॉलमध्ये ८०८० उघडला, आणि त्यांनी स्वतःची हजेरी लावून पाहिली.