फ्लँडर्सच्या काउंटांची वंशावळ कशी मांडावी

वडोदऱ्यातल्या मराठी घरांत वंशावळ म्हणजे वर मूळपुरुष, मग आडनाव, खाली नुसते मुलगे. फ्लँडर्स हा आजच्या बेल्जियम आणि उत्तर फ्रान्समधला मुलूख, काउंट म्हणजे त्याचे सरदार-राज्यकर्ते. या मध्ययुगीन काउंटांना हा साचा लावलात तर लवकरच अडकाल. त्यांना आडनाव नसे. ओळख मुलखावरून, आणि मुलूख लेकीबरोबर सासरीही जाई.

ए-थ्री कागद उभा धरा, डाव्या कडेला वर्षांची पट्टी आखा. पाचवा बॉल्डविन गादीवर आला 1035 मध्ये, मार्गारेटने फ्लँडर्सची गादी सोडली 1278 मध्ये. दर 10 वर्षांना दीड सेंटिमीटर धरले की साडेछत्तीस सेंटिमीटर लागतात. उरलेली जागा मथळ्याला. फ्लँडर्स लाल शाईने, शेजारचा एनो (Hainaut) हा मुलूख हिरव्या. सुनांचे चौकोन मुलांएवढेच मोठे काढा, माहेरासकट.

सर्वांत जास्त चुका क्रमांकांत होतात. 1191 मध्ये फ्लँडर्सचा काउंट फिलिप निपुत्रिक वारला, वारसा बहीण मार्गारेटकडे आला. तिचा नवरा एनोचा पाचवा बॉल्डविन. बायकोच्या हक्काने तो फ्लँडर्सचा आठवा झाला. त्यांचा मुलगा फ्लँडर्सचा नववा, एनोचा सहावा आणि 1204 पासून कॉन्स्टँटिनोपलचा सम्राट पहिला बॉल्डविन. नुसते क्रमांक उतरवले की एका माणसाची तीन माणसे होतात. चौकोन एकच काढा, क्रमांक आत वेगवेगळ्या शाईने.

1070-71 पाशी रेघ आडवी वळवा. फ्लँडर्सचा सहावा बॉल्डविन वारल्यावर कोवळा आर्नुल्फ गादीवर आला, कारभार आई रिशिल्डकडे. काका रॉबर्ट उठला, कासेलच्या लढाईत पुतण्या मारला गेला आणि फ्लँडर्स काकाकडे गेले. (राघोबादादा आठवणारच, पण इथे उघड लढाई होती.) एनो मात्र रिशिल्ड आणि तिच्या धाकट्या मुलाकडे राहिला, म्हणून हिरवी रेघ तोडू नका.

1205 मध्ये सम्राट बॉल्डविन बल्गेरियनांच्या कैदेत पडला, परतलाच नाही. मागे दोन मुलीच. वडोदऱ्याच्या महाराणी जमनाबाईंनी 1875 मध्ये कवळाण्याचा गोपाळराव (पुढे सयाजीराव) दत्तक घेतला, तसा दत्तक इथे शोधत बसू नका. गादी थोरल्या जोनला मिळाली, 1244 मध्ये तिची बहीण मार्गारेट आली (1278 मध्ये गादी सोडणारी ती हीच).

तारखा शेवटी तपासा. कुठे वर्ष नाताळला बदले, कुठे 25 मार्चला, कुठे ईस्टरला. कार्तिकातले विक्रम संवत आणि चैत्रातला शक दोन्ही भिंतीवर असणाऱ्यांना हे नवे नाही. कासेलची लढाई फेब्रुवारीतली. ईस्टरला वर्ष बदलणाऱ्याच्या हिशेबी ती 1070 मध्येच पडते, आपल्या पट्टीवर 1071 मध्ये.