गाडीच्या बॅटरीवर इन्व्हर्टर कसा चालवावा

चैत्रात आमच्या गावाहून सप्तशृंगी गडाला पायी जाणारं मंडळ निघतं. धुळे, मालेगाव, देवळा करत नांदुरीपर्यंत. ऊन इतकं असतं की चालणं पहाटे आणि रात्री, दुपार झाडाखाली. सोबतच्या पिकअपमध्ये पाण्याचे ड्रम, अंथरुणं, भांडी आणि एक ६०० वॅटचा इन्व्हर्टर, म्हणजे बॅटरीच्या १२ व्होल्टची घरच्यासारखी २३० व्होल्ट वीज करणारं खोकं. दोन वर्षांपूर्वी मालेगावच्या पुढे दुपारच्या मुक्कामाला म्हाताऱ्या मावश्यांसाठी आम्ही त्याच्यावर एक छोटा कूलर लावला. इंजिन बंद. तीन तास छान गार वारा लागला. संध्याकाळी निघायच्या वेळी ड्रायव्हरने चावी फिरवली, आतून नुसती ‘कट्‌ कट्‌’. "भो, गाडी चालूच व्हत नही!" बोनेट उघडलं तर बॅटरीला लावलेल्या लाल चिमट्याचं प्लास्टिक मऊ होऊन वायरीवर चिकटलेलं. वायर हाताला सहन होईना.

त्या दिवशी दोन चुका झाल्या होत्या आणि दोन्ही १२ व्होल्टच्या बाजूच्या होत्या. लोक घाबरतात २३० व्होल्टला, आणि ते बरोबरच आहे. पण बॅटरीकडची बाजू शॉक देत नाही म्हणून तिच्याकडे कोणी बघत नाही. आग मात्र बहुतेक वेळा तिथूनच लागते, आणि गाडी रस्त्यात अडते तीही तिथल्याच हिशेबामुळे. म्हणून काहीही विकत घेण्याआधी, जोडण्याआधी, हा हिशेब करा.

आधी कागद-पेन

जे चालवायचं आहे त्याचे वॅट बघा. चार्जरवर, पंख्याच्या मागच्या पट्टीवर लिहिलेले असतात. १२ व्होल्टच्या गाडीत वॅटला दहाने भागलं की बॅटरीतून साधारण किती अँपिअर ओढले जातील ते कळतं. बाराने का नाही भागायचं? कारण इन्व्हर्टर स्वतःही दहा-पंधरा टक्के वीज उष्णतेत घालवतो, तो खर्च यात धरला जातो.

आमचा कूलर १८० वॅटचा, म्हणजे १८ अँपिअर. तीन तास म्हणजे ५४ अँपिअर-तास. पिकअपची बॅटरी ७५ अँपिअर-तासांची. कागदावर २१ उरायला हवे होते, पण तेवढ्यावर सेल्फ उचलत नाही. गाडीची बॅटरी मुळात काही सेकंद जोरात करंट देऊन इंजिन फिरवण्यासाठी बनवलेली असते. तासन्‌तास हळूहळू रिकामी होणं तिला मानवत नाही. घरच्या इन्व्हर्टरची ट्युब्युलर बॅटरी ते सोसते. हिच्या प्लेटा पातळ असतात, दहा-वीस वेळा खोलवर उतरली की कायमची कमजोर होते. माझा नियम असा की इंजिन बंद असताना बॅटरीच्या पाव हिश्श्याच्या पुढे जायचं नाही. ७५ च्या बॅटरीत हे १८-१९ अँपिअर-तास झाले. त्यात कूलर जेमतेम तासभर चालेल. ९ वॅटचे चार एलईडी बल्ब मात्र साडेचार-पाच तास सहज. छोट्या कारची बॅटरी ३५ ची असते, तिथे सगळं निम्म्यावर आणा.

मोबाइल चार्जर १० ते २० वॅट, लॅपटॉप ६५ च्या आसपास, टेबल फॅन ५०-६०, ३२ इंची एलईडी टीव्ही ५० च्या आगेमागे. ही सगळी गाडीच्या आवाक्यातली. मिक्सर ५०० ते ७५०. इस्त्री, किटली, पाण्यात टाकायचा हीटर, इंडक्शन शेगडी या १००० ते २००० वॅटच्या वस्तू, म्हणजे १०० ते २०० अँपिअर. त्या नकोतच. हिवाळ्यात शेतात भरीत पार्टी असते तेव्हा कोणीतरी हमखास मिक्सर घेऊन येतो. लाकडी बडगीत ठेचलेल्या भरिताला तो लागत नाही, आणि गाडीला तो झेपत नाही. तिथे दोन बल्ब लावा, पुरे.

मोटर असलेल्या वस्तूंची आणखी एक गोष्ट. फ्रिज, पाण्याची मोटर, मिक्सर हे सुरू होताना क्षणभर नेहमीच्या तीन ते सहा पट करंट ओढतात. १५० वॅटचा फ्रिज ३०० वॅटच्या इन्व्हर्टरवर बहुधा सुरूच होणार नाही, नुसता गुरगुरेल आणि इन्व्हर्टर ट्रिप होईल.

इन्व्हर्टर निवडताना

खोक्यावरचा मोठा आकडा ‘पीक’चा असतो, तो काही क्षणांपुरता. ‘कंटिन्युअस’ म्हणून लिहिलेला आकडा शोधा आणि तुमच्या गरजेपेक्षा पाव-एक जास्त घ्या. ‘मोडिफाइड साइन’, म्हणजे घरच्या विजेसारखी गुळगुळीत लहर न देणारा, स्वस्त मिळतो. बल्ब, साधे चार्जर त्यावर चालतात, पण पंखा गुणगुणतो, मोटर तापते. कूलर, पंखा किंवा वाफ घ्यायचं नेब्युलायझर मशिन चालवायचं असेल तर पैसे घालून ‘प्युअर साइन’च घ्या. यात काटकसर करू नका.

ट्रकवाल्यांसाठी खास सांगणं. केळीच्या ट्रकवर रावेर-सावद्याहून उत्तरेला जाणारे ड्रायव्हर केबिनमध्ये पंखा-चार्जर लावतात. ट्रकची यंत्रणा २४ व्होल्टची असते. १२ व्होल्टचा इन्व्हर्टर तिथे लावला की तो जळतो. दोन बॅटऱ्यांपैकी एकीवरून १२ व्होल्ट काढायची युक्ती सर्रास सांगितली जाते, ती ऐकू नका. एक बॅटरी अर्धवट उतरते, दुसरी जास्त चार्ज होऊन उकळते, आणि काही महिन्यांत जोडीच बदलावी लागते. २४ व्होल्टचाच इन्व्हर्टर घ्या.

जोडणी

डॅशबोर्डवरच्या सिगारेट लाइटरच्या सॉकेटला साधारण १० ते १५ अँपिअरचा फ्यूज असतो. तिथे १००-१२० वॅटपर्यंतच. फ्यूज उडतो म्हणून मोठा घालणं किंवा चांदीचा कागद गुंडाळणं म्हणजे डॅशबोर्डच्या आतल्या बारीक वायरीला जाळायला सांगणं आहे.

त्याच्या वरचं सगळं थेट बॅटरीवरून. चिमटे तात्पुरत्या वापरापुरते. टोकाशी टेकणारा त्यांचा भाग इतकासा असतो की जास्त करंटला तिथेच गरम होतं. आमचं प्लास्टिक तसंच वितळलं. कायमचं करायचं तर तांब्याची केबल, टोकाला दाबून बसवलेली थिंबल (भोक असलेलं धातूचं टोक), नट-बोल्टने घट्ट.

केबल जाड आणि आखूड. ३०० वॅटला किमान ६ स्क्वेअर एमएम, ६०० ला १६, १००० ला २५ ते ३५. हे जास्त वाटेल, म्हणून आकडा मांडतो. ६०० वॅटला ६० अँपिअर वाहतात. इन्व्हर्टर तीन मीटर लांब ठेवून ४ स्क्वेअर एमएमची वायर वापरली, तर जाऊन-येऊन सहा मीटर तांब्यात दीड व्होल्टच्या वर वाटेतच जातो. साठ अँपिअर गुणिले दीड व्होल्ट म्हणजे वायरीत सुमारे शंभर वॅटची उष्णता. जुना शंभरचा बल्ब हातात धरून बघितलेल्या माणसाला हे वेगळं सांगावं लागत नाही. लांब न्यायचं असेल तर २३० व्होल्टची बाजू चांगल्या एक्स्टेन्शन बोर्डाने लांब न्या. इन्व्हर्टर बॅटरीजवळच राहू द्या.

फ्यूज बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतरात हवा. इन्व्हर्टरच्या आत फ्यूज असतो, पण बोनेटखाली वायर पत्र्याला घासून उघडी पडली तर तो काहीच वाचवत नाही, कारण शॉर्ट त्याच्या अलीकडे होतो. ३०० वॅटला ४० अँपिअरचा, ६०० ला ८० चा फ्यूज. पत्र्यातून वायर जाते त्या भोकाला ग्रोमेट, म्हणजे रबराची कडी लावा.

आता क्रम. इंजिन बंद, इन्व्हर्टरचं बटण बंद, हातातली अंगठी-कडं काढून ठेवा. आधी लाल वायर इन्व्हर्टरच्या आणि मग बॅटरीच्या प्लसला. शेवटी काळी, शक्यतो बॅटरीच्या मायनसऐवजी गाडीच्या बॉडीवरच्या स्वच्छ, रंग नसलेल्या अर्थच्या बोल्टला. शेवटची जोड देताना बारीक ठिणगी उडते, आणि बॅटरीतून हायड्रोजन निघत असतो, म्हणून ती ठिणगी बॅटरीपासून दूर व्हावी. हल्लीच्या बऱ्याच गाड्यांत मायनस टर्मिनलवर करंट मोजणारा सेन्सर असतो, त्यासाठीही बॉडीवरचा अर्थच योग्य. प्लस-मायनस उलटे झाले तर इन्व्हर्टर क्षणात जातो, म्हणून दोनदा बघा. काढताना उलट क्रम: काळी आधी.

कुठे ठेवायचा

बोनेटखाली नको, डॅशबोर्डवर नको, सीटखाली गोधडीत गुंडाळून तर नकोच. एप्रिल-मे मध्ये भुसावळ-जळगावकडे पारा ४५ च्या घरात जातो, उन्हात बंद उभ्या गाडीत त्याहून कितीतरी जास्त. इन्व्हर्टरची क्षमता साधारण ४० च्या पुढे घटत जाते. सावलीत, उभ्या जागी, पंख्याच्या जाळीसमोर निदान चार बोटं मोकळी. उन्हाळ्यात लोड निम्मा धरावा हे माझं मत आहे.

कापूस भरलेल्या गाडीत इन्व्हर्टर चालवू नका. दिवाळीनंतर जिनिंगच्या रांगेत रात्र काढावी लागते, मोबाइल चार्ज करायचा मोह होतो. कापसाचे तंतू जाळीत अडकतात, हवा कोंडते, आणि एक ठिणगी पुरे. केबिनमधल्या सॉकेटवर यूएसबी चार्जर लावा.

चालवताना

इंजिन सुरू करताना इन्व्हर्टर बंद असावा. सेल्फच्या वेळी व्होल्टेज खाली-वर उसळतं. इंजिन चालू झालं, मग इन्व्हर्टर, मग एकेक वस्तू. पहिली दहा मिनिटं थांबा. वायर, थिंबल, फ्यूजचा होल्डर हाताच्या पाठीने चाचपून बघा. कोमट चालेल. चटका बसला तर बंद करा, जोड सैल आहे किंवा वायर बारीक आहे.

स्वस्तातला मल्टिमीटर सोबत ठेवा. इंजिन बंद करून काही तासांनी बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवते तेव्हा ती भरलेली, १२.२ ला अर्धी. लोड चालू असताना आकडा थोडा खालीच दिसतो, म्हणून लोड बंद करून, दोन मिनिटं थांबून मोजा. १२.३ दिसलं की मी थांबतो. इन्व्हर्टरचा स्वतःचा अलार्म बऱ्याचदा १०.५ च्या आसपास वाजतो. त्याच्यावर भरवसा ठेवलात तर आमच्यासारखं होईल.

इंजिन चालू ठेवलं तर डायनामो भरपाई करतो, पण उभ्या गाडीत मंद गतीवर तो क्षमतेच्या निम्म्याच्या आसपासच देतो. तेव्हा मीटरवर १३.५ च्या वर दिसायला हवं. त्याखाली असेल तर लोड कमी करा. आणि इंजिन चालू ठेवून बंद शेडमध्ये, गोठ्याला लागून किंवा काचा लावून झोपलेल्या केबिनमध्ये कधीच नाही. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

२३० व्होल्टची बाजू

छोट्या खोक्यातून निघणारी वीज घरच्या विजेइतकीच जीवघेणी आहे. केळीला रात्री पाणी भरताना चिखलात अनवाणी उभं राहून एक्स्टेन्शनला हात लावू नये. बोर्ड जमिनीवरून वर, लाकडी पाटावर किंवा दोरीने टांगून. इन्व्हर्टरवर अर्थचा स्क्रू असेल तर तो गाडीच्या बॉडीला जोडा.

लाइट गेली म्हणून इन्व्हर्टरची वायर घरच्या सॉकेटमध्ये खोचून सगळं घर उजळवायचा प्रकार काही ठिकाणी बघितला. तसं करू नका. लाइन परत आली की इन्व्हर्टर तिथल्या तिथे फुटतो, आणि तोवर तुमच्याकडून उलट गेलेली वीज खांबावर चढलेल्या वायरमनपर्यंत पोचू शकते. वस्तू थेट इन्व्हर्टरलाच लावा.

लांबच्या प्रवासात एक किलोचं पावडरचं अग्निशामक हाताशी ठेवा. धूर दिसला तर आधी फ्यूज काढा किंवा काळी वायर तोडा. पाणी ओतू नका.

आता आमच्या पिकअपमध्ये इन्व्हर्टर सीटच्या मागे पत्र्याला बोल्टने बसवला आहे. कूलरऐवजी दोन टेबल फॅन असतात, तेही अर्धा तास लावून पाऊण तास बंद. झोपण्याआधी कोणीतरी एक जण इन्व्हर्टरचं बटण बंद करतो, कारण काही न लावताही तो अर्धा-एक अँपिअर खातच राहतो. मग मीटर लावून आकडा मोबाइलमध्ये लिहून ठेवतो. पहाटे तीनला निघायच्या आधी तोच आकडा पुन्हा बघतो, आणि मग चावी फिरवतो.