आयरिश कविता वाचायला लागायचंय? पुण्यात बसून अशी सुरुवात करा

आयरिश कविता म्हटलं की बरेच जण यीट्सपाशीच थांबतात, शेमस हीनीचं नाव १९९५ च्या नोबेलमुळे ऐकलेलं असतं, पण पुढे नेमकं काय उघडायचं ते कळत नाही. आम्ही पाच-सहा जण गेली दोन वर्षं एक रविवार सोडून कोथरूडला मैत्रिणीच्या गच्चीवर बसून हेच वाचतोय, त्यातून जे जमलं ते सांगते.

पहिलं म्हणजे जाडजूड निवडक संग्रह आणून पान एकपासून सुरू करू नका. एकच कविता घ्या आणि आठवडाभर तीच. आधी ऐका, मग वाचा. हीनी, पॉला मीहन, ईव्हॅन बोलंड यांच्या स्वतःच्या आवाजातली वाचनं यूट्यूबवर मिळतात, बसमध्ये स्वारगेट ते कोथरूड दोनतीनदा ऐकून होतं. आणि नावांच्या स्पेलिंगला घाबरू नका, आयरिश भाषेत अक्षरं एक लिहितात नि उच्चार भलताच होतो, म्हणून ऐकणं आधी.

सुरुवात हीनीच्या 'डिगिंग'पासूनच करा. १९६६ च्या पहिल्या संग्रहातली ही पहिलीच कविता, पोएट्री फाउंडेशनच्या साइटवर फुकट आहे. कवी खिडकीशी पेन घेऊन बसलाय, खाली वडील फुलांच्या वाफ्यात खणतायत, त्या आवाजासरशी तो वीस वर्षं मागे जातो, तिथे वडील बटाटे काढतायत, त्याच्याही मागे आजोबा टर्फ कापतायत. टर्फ म्हणजे दलदलीतला कुजलेल्या झाडपाल्याचा थर, विटांसारखा कापून वाळवतात नि चुलीत घालतात, आपल्या गोवऱ्यांसारखाच. नातू बाटलीतून दूध घेऊन जातो, बाटलीला कागदाचं बूच, आजोबा उभ्या उभ्या पितात आणि लगेच वाकतात कामाला.

आता खरं काम. ती कविता वहीत आपल्या मराठीत लिहून काढा, छापायला नाही, समजायला. मी लिहिलं होतं, "वडील बटाटे खणतायत." आमच्यातल्या एका काकांचं गाव सातगाव पठारावर, बटाट्याचाच मुलूख, ते लगेच म्हणाले, "अगं, बटाटे खणत नाहीत, काढतात. खणतात ती विहीर." मी खोडून 'काढतायत' केलं, ओळ एकदम शेतातली झाली, पण शेवटी पोचल्यावर घोटाळा. तिथे कवी म्हणतो माझ्याकडे फावडं नाही, पेन आहे, मी याने खणेन. 'काढेन' म्हटलं तर अर्थच जातो, आणि 'खणेन' ठेवलं तर वडिलांशी जोडलेला धागा तुटतो. तेव्हा कुठे डोक्यात शिरलं की ती अख्खी कविता एका क्रियापदावर उभी आहे, बापाचं काम आणि मुलाचं काम एकाच शब्दात बांधलेलं. नुसतं वाचून मला हे शंभर वर्षांत दिसलं नसतं. (शेवटी आम्ही सगळीकडे 'खणणं'च ठेवलं, काका अजून नाराज आहेत.)

दुसरी ईव्हॅन बोलंडची 'क्वारंटाइन'. ही वाचण्याआधी इतिहास थोडा हवाच. १८४५ पासून बटाट्यावर रोग पडला, त्या दुष्काळात सुमारे १० लाख माणसं गेली, जवळपास तेवढीच देश सोडून गेली. कवितेत १८४७ चा हिवाळा, वर्कहाऊसमधून, म्हणजे निराधारांना काम करवून पोटाला देणाऱ्या सरकारी जागेतून, एक नवराबायको चालत निघालेत, ती तापाने फणफणलेली, तो तिला पाठीवर घेतो. सकाळी दोघं मेलेले सापडतात आणि तिची पावलं त्याच्या छातीशी धरलेली असतात, अंगातली शेवटची ऊब तिला द्यायला. माझी आजी बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला जायची, मिलोच्या भाकरीबद्दल सांगताना तिचा आवाज बसायचा. घरात असं कुणी असेल तर आधी त्यांच्याशी बोला, मग ही कविता उघडा. आणि मोठ्याने वाचताना तुटक वाक्यं जोडू नका, "थंडीने. भुकेने." तिथे थांबायचंच.

मायकल लाँगलीची 'सीजफायर' नंतर घ्या, १९९४ मध्ये उत्तर आयर्लंडमधल्या आयआरए या सशस्त्र संघटनेने शस्त्रसंधी केली, त्या दिवसांत ती आयरिश टाइम्समध्ये छापून आली. ग्रीक महाकाव्यातला ट्रॉयचा म्हातारा राजा प्रायम मुलाला मारणाऱ्या अकिलीसच्याच हाताचं चुंबन घेतो. भीमाचा लोखंडी पुतळा चुरडणारा धृतराष्ट्र आठवा आणि मग ही वाचा.

शेवटी नूला नी गोनिल, ही फक्त आयरिश भाषेत कविता लिहिते, इंग्रजी दुसरे कवी करतात. तिची भाषेवरची छोटी कविता पॉल मलडूनने इंग्रजीत आणलीय. आपली आशा ती भाषेच्या होडीत घालून पाण्यात सोडते, बाळ टोपलीत ठेवून सोडावं तशी, कुठे लागेल माहीत नाही, कदाचित फॅरोच्या, म्हणजे इजिप्तच्या राजाच्या, मुलीच्या मांडीवर. ही बायबलमधल्या मोझेसची गोष्ट. आमच्यात सगळ्यांच्या तोंडी आधी कर्णच आला आणि मला तो मोह अजून होतो. पण कर्णाला लाजेपोटी सोडलं, तो सारथ्याच्या घरी वाढला. हे बाळ वाचावं म्हणून सोडलेलं, आणि उचलते कोण तर सत्ताधाऱ्याची लेक. आयरिश आणि इंग्रजीचं नातं त्या मांडीतच आहे. म्हणून आम्ही मोझेसच ठेवला, फक्त टोपलीला परडी म्हटलं.