मधुमेहींसाठी घरचं गोड: साखर काढल्यावर पदार्थ बिघडू नये म्हणून

सणाला घरात पुरण शिजतं आणि मधुमेह असलेल्या माणसाच्या ताटात फक्त भाकरी-भाजी पडते, किंवा "आज सण आहे, खा थोडं" म्हणत तीन पोळ्या आणि वर गुळवणी. यांच्यामधला रस्ता आहे, पण त्यासाठी साखरेऐवजी गूळ वापरून भागत नाही. १० ग्रॅम गुळात ९ ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं असतात, म्हणजे जवळपास साखरेइतकीच. मध, काकवी, खडीसाखर यांनीही रक्तातली साखर चढतेच. "गूळ चालतो" हा समज खेड्यापाड्यात इतका पक्का आहे की बरेच जण साखरेचा चहा सोडून गुळाचा चहा दुप्पट पितात.

दुसरी गोष्ट, गोडवा काढला तरी पदार्थाचा पाया उरतोच. गहू, तांदूळ, रवा, दूध, डाळ या सगळ्यांत कर्बोदकं आहेत. किलोभर खव्याला चार-पाच लिटर दूध आटवावं लागतं आणि लिटरभर दुधात ५० ग्रॅमच्या आसपास दुधातली नैसर्गिक साखर असते. म्हणजे साखरेचा कणही न घातलेल्या खव्यात किलोमागे २०० ते २५० ग्रॅम साखर आधीच आहे. कुंथलगिरीच्या खव्याचा पेढा बिनसाखरेचा केला तरी तो मोजूनच खावा लागेल, तो यामुळे.

आधी पदार्थ निवडा, गोडी नंतर

साखर फक्त गोड करत नाही. पाकात ती पदार्थ बांधते, हलव्यात पाणी धरून ठेवते, भाजताना रंग आणते. त्यामुळे जिथे साखर फक्त गोडीसाठी आहे तेच पदार्थ निवडा: श्रीखंड, खीर, दुधी हलवा, बासुंदी. चिक्की, जिलेबी, म्हैसूरपाक, पाकातले लाडू यांच्या नादी लागू नका. ते साखरेवरच उभे असतात. पर्यायी गोडी घालून पाक होत नाही आणि सामान मात्र वाया जातं.

गोडीचे पर्याय दुकानात बरेच मिळतात, पण स्वयंपाकात त्यांचं वागणं वेगवेगळं असतं.

सुक्रालोज साखरेच्या सुमारे ६०० पट गोड असतं आणि गॅसवर शिजवताना टिकतं. डब्यातल्या पावडरीत बहुधा माल्टोडेक्स्ट्रिनसारखा भराव असतो. ते कर्बोदकच, म्हणून लेबल वाचा.

स्टीव्हियाचा शुद्ध अर्क साखरेच्या २०० ते ३०० पट गोड. चिमूटभर जास्त झाला की ज्येष्ठमधासारखी कडवट चव मागाहून जिभेवर येते. मिठाचा एखादा कण आणि वेलदोडा घातला की ती बरीच दबते.

एरिथ्रिटॉल साखरेच्या सुमारे ७० टक्के गोड. थंड झाल्यावर त्याचे खडे बनतात, त्यामुळे फ्रीजमधल्या हलव्यात ते रवाळ लागतं. जास्त खाल्लं तर पोट फुगतं, जुलाब होतात. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात रक्तात एरिथ्रिटॉलचं प्रमाण जास्त असणं आणि हृदयविकार यांचा संबंध दिसला होता. त्याने कारण सिद्ध होत नाही, पण हृदयरोग असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते रोज वापरू नये.

अस्पार्टेम तापवलं की गोडी जाते, म्हणून ते थंड पदार्थातच आणि शेवटी. फिनाइलकीटोन्यूरिया हा आजार असलेल्यांनी ते अजिबात घ्यायचं नाही. "बिनसाखर" लिहिलेल्या बिस्किटांत आणि चॉकलेटांत मॉल्टिटॉल असेल तर सावध राहा, त्याने साखर बऱ्यापैकी चढते.

पुढे गोडीचं माप "६ ते ७ चमचे साखरेइतकी" असं लिहिलं आहे. तुमच्या पाकिटावर एक चमचा साखरेला किती पावडर हे छापलेलं असतं, त्यावरून हिशोब करा. आणि स्वयंपाकघरात डिजिटल वजनकाटा ठेवा. "एक वाटी" हे माप घरोघरी बदलतं.

श्रीखंड: यावर सगळ्यात जास्त कष्ट घ्या, कारण फळ मिळतं

नेहमीच्या श्रीखंडात चक्का आणि साखर जवळपास निम्मी निम्मी असते, म्हणजे ६० ग्रॅमच्या छोट्या वाटीत २५ ते ३० ग्रॅम साखर. दही टांगताना दुधातली बरीच साखर निवळीबरोबर निघून जाते, त्यामुळे नुसत्या चक्क्याच्या तेवढ्याच वाटीत ३-४ ग्रॅम उरते. इतका फरक दुसऱ्या कुठल्याच गोडात मिळत नाही.

१ लिटर गाईचं किंवा टोण्ड दूध उकळून कोमट करा, त्यात १ चमचा ताजं, आंबट नसलेलं विरजण घाला. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात दही चार-पाच तासांत लागतं. लागलं की लगेच फ्रीजमध्ये ठेवा, रात्रभर ओट्यावर ठेवू नका. साखरेच्या श्रीखंडात थोडा आंबटपणा लपतो, बिनसाखरेच्या श्रीखंडात तो दुप्पट जाणवतो.

दही मलमलच्या फडक्यात बांधून फ्रीजमध्येच चाळणीवर ठेवा, खाली पातेलं. साधारण ३ ते ४ तास पुरतात. इथेच बहुतेकांचं चुकतं. साखर चक्क्यात मिसळली की ती पाणी ओढून घेते आणि चक्का सैल होतो, म्हणून नेहमीच्या श्रीखंडासाठी चक्का अगदी कोरडा लागतो. इथे सैल करायला साखर नाही. रात्रभर टांगलेला चक्का खडूसारखा कोरडा लागेल. तसं झालंच तर १-२ चमचे थंड दूध घालून घोटा.

साधारण ३०० ते ३५० ग्रॅम चक्का मिळेल. तो पुरणयंत्रातून किंवा बारीक चाळणीतून दोनदा काढा. गोडी (६ ते ७ चमचे साखरेइतकी), एक चमचा कोमट दुधात भिजवलेलं केशर, पाव चमचा वेलदोडा पूड, किंचित जायफळ आणि मिठाचा कण घाला. गोडीची पावडर आधी चमचाभर दुधात विरघळवा, नाहीतर एका घासाला कडू आणि दुसऱ्याला फिकं लागतं. दोन तास मुरू द्या आणि मग चव बघा. लगेच चाखून आणखी पावडर घालाल तर मुरल्यावर पश्चात्ताप होईल.

आमरस घालून आम्रखंड करायचा मोह होतो. केशर आंब्याचा रस १०० ग्रॅम चक्क्याला २ चमचे, त्यापुढे नाही.

पुरणाची पोळी: होळीला आणि पोळ्याला टाळणं अवघड

गूळ नसलेलं पुरण कोरडं होतं, पोळी लाटताना फाटते आणि "मधुमेहींचं पुरण जमतच नाही" असं म्हणून लोक सोडून देतात. याचं कारण गूळच डाळीला चिकटपणा देतो. तो चिकटपणा दुसऱ्या वाटेने आणायचा.

२०० ग्रॅम हरभरा डाळ दोन तास भिजवा. कुकरमध्ये दुप्पट पाण्यात चिमूटभर हळद आणि चमचाभर तेल घालून बोटांत चुरडेल इतकी मऊ शिजवा. येळवणी, म्हणजे डाळ शिजवलेलं पाणी, गाळून आमटीला ठेवा. डाळ गरम असतानाच वाटायची, हा सगळ्यात महत्त्वाचा टप्पा. गार झालेली डाळ कणीदार राहते आणि गोळा बांधत नाही. २ चमचे दूध घालून जाड बुडाच्या पातेल्यात १ चमचा तुपावर मंद आचेवर परता. उलथनं उभं राहिलं की थांबा, नेहमीच्या पुरणापेक्षा किंचित ओलसरच असू द्या. थंड झाल्यावर ते आणखी घट्ट होतं. आता गॅस बंद करून गोडी (१२ ते १४ चमचे साखरेइतकी), जायफळ, वेलदोडा आणि सुंठ घाला. सुंठ विसरू नका, गुळाचा उबदारपणा ती थोडा भरून काढते.

आता माप. कणकेचा गोळा २० ग्रॅम, पुरणाचा ३५ ग्रॅम. कणीक सैल आणि तेलात मळून तासभर झाकलेली हवी, तरच एवढ्याशा कणकेची पारी ताणते. अशा एका पोळीत १८ ते २० ग्रॅम कर्बोदकं बसतात. नेहमीची गुळाची मोठी पोळी ४५ ग्रॅमपर्यंत जाते. तुपाचा चमचा चालेल, गुळवणी नाही. गुळवणी म्हणजे गुळाचं पाणी, आणि द्रवातली साखर सगळ्यात झपाट्याने रक्तात उतरते. त्याऐवजी येळवणीची आमटी भरपूर घ्या.

ही पोळी खायची तर त्या जेवणातून काहीतरी वगळावं लागतं. ५० ग्रॅम पिठाच्या ज्वारीच्या भाकरीत ३३ ते ३५ ग्रॅम कर्बोदकं असतात. म्हणजे एका पोळीला अर्धी भाकरी कमी, हा सोपा हिशोब.

संक्रांतीचे तिळाचे लाडू

१०० ग्रॅम तीळ, १०० ग्रॅम शेंगदाणे, ३० ग्रॅम सुकं खोबरं, बिया काढलेले ६० ग्रॅम खजूर, अर्धा चमचा वेलदोडा. तीळ मंद आचेवर तडतडेपर्यंतच भाजा. गडद रंग आला की कडू झाले. शेंगदाणे भाजून सालं काढा. दोन्ही किंचित कोमट असताना मिक्सर थांबून-थांबून चालवा. तेल सुटायला लागलं पाहिजे, कारण बांधणी त्यावरच आहे. पण सलग फिरवलात तर लगदा होऊन तेल वेगळं होतं. खजूर बारीक चिरून शेवटी फिरवा आणि किसलेलं खोबरं मिसळून वळा.

१४-१५ ग्रॅमचे २० लाडू होतात, प्रत्येकात ३ ते ४ ग्रॅम कर्बोदकं. खजूर इथे गोडीपेक्षा बांधायला आहे, म्हणून "खजूर नैसर्गिक" म्हणत तो २०० ग्रॅम घालू नका. खजुराच्या वजनाचा साधारण दोनतृतीयांश भाग साखरच असतो. लाडू दिवसाला एकच, दोन म्हणजे शेवट. कर्बोदकं कमी असली तरी तिळा-शेंगदाण्याचं तेल वजन वाढवतंच.

दुधी, सीताफळ आणि येळवशीची खीर

दुधी हलव्यासाठी दुधीचा तुकडा आधी चाखा. कडू लागला तर पूर्ण फेकून द्या. कडू दुधी विषारी असतो, शिजवूनही तो दोष जात नाही. ४०० ग्रॅम कीस २ चमचे तुपावर पाणी आटेपर्यंत परता, ५०० मिली दूध घालून आटवा, गोडी उतरवल्यावर. साखरेसारखं पाणी सुटणार नाही, म्हणून किंचित ओला असतानाच गॅस बंद करा. सहा वाट्या होतात, वाटीला साधारण ६ ग्रॅम कर्बोदकं.

बालाघाटच्या डोंगरातलं सीताफळ स्वतःच इतकं गोड असतं की वरून काही घालायची गरज नाही. मात्र १०० ग्रॅम गरात २० ग्रॅमहून जास्त कर्बोदकं असतात. ७५ मिली आटवलेलं, पूर्ण थंड दूध आणि ३० ग्रॅम गर, बस. गरम दुधात गर घातला तर दूध फाटू शकतं आणि चवही कडवट होते.

येळवशीला, म्हणजे वेळ अमावास्येला, शेतात होणारी गव्हाची खीर मात्र गूळ काढला तरी गव्हाचीच राहते. खपली गहू घेतला तरी तो गहूच. मोठ्या पातेल्यातून मधुमेह असलेल्यांसाठी गूळ पडायच्या आधी वेगळी खीर काढा, त्यात दूध आणि भाजलेले तीळ वाढवा आणि ६० ते ७० मिलीची वाटी द्या. सोबत भज्जी (शेंगा-पालेभाज्यांची मिश्र भाजी) पोटभर, उंडा (पिठाचा उकडलेला गोळा) एकच.

खायचं कधी, तपासायचं कसं

गोड रिकाम्या पोटी नाही, जेवणाच्या शेवटी. भाजी, डाळ, ताक आधी पोटात गेलं की साखर सावकाश चढते. नवा पदार्थ पहिल्यांदा खाताना जेवणाआधी आणि पहिल्या घासापासून दोन तासांनी ग्लुकोमीटरवर बघा. साधारणपणे दोन तासांनंतरचा आकडा १८०च्या आत हवा, पण तुमच्या डॉक्टरांनी वेगळी मर्यादा दिली असेल तर तीच पाळा. जास्त आला तर पुढच्या वेळी वाटी निम्मी करा. गोळी किंवा इन्सुलिनची मात्रा स्वतःच्या मनाने वाढवू नका. मूत्रपिंडाचा आजार असेल तर दूध, तीळ, शेंगदाणे किती चालतील हे आधी विचारा.

बिनसाखरेच्या गोडाच्या डब्यावर मोठ्या अक्षरात चिठ्ठी लावा. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्याची साखर एकदम उतरली, घाम फुटला, हातपाय थरथरले, की घरचे घाईत हाताला येईल तो लाडू तोंडात घालतात, आणि आपण केलेल्या लाडवाने साखर चढायला फार उशीर लागतो. अशा वेळी माणूस शुद्धीवर असेल तर ३ चमचे खरी साखर किंवा ग्लुकोज पाण्यात कालवून पाजा, १५ मिनिटांनी पुन्हा तपासा, आणि आकडा ७०च्या खालीच असेल तर तेवढंच परत द्या. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही न घालता थेट दवाखाना गाठा.